भांडायचं कसं हे लेकरांना शिकवा

आज तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. बाहेर लिंबाखाली दोन सख्खे भाऊ, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादाची तारीख होती. एकमेकांकडं पाठ करून बसलेले. धाकट्याचं पोरगं चुलत्याकडं पळत निघालं, तर मायनं दंडाला धरून मागं ओढलं. डोकंच फिरलं माझं. वीतभर मातीपायी पुढची पिढीपण वैरी करून ठेवायची?

आपल्याकडं लेकराला दोनच गोष्टी सांगतात. एक तर "गप बस", नाही तर "मार खाऊन घरी येऊ नको". मधलं कुणी शिकवतच नाही.

आमच्या घरातलं सांगतो. दादा म्हणजे माझे वडील आणि चुलते, विहीर सामाईक, आठ-आठ दिवसांची पाळी. एकदा चुलत्यांनी दादांच्या पाळीत दिवसाढवळ्या मोटर चालू केली आणि गोष्ट कुऱ्हाडीपर्यंत गेली. थोरली आत्या आली. दोघांना ओसरीवर बसवलं आणि एकच अट घातली. आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, तो "हो, असंच" म्हणला की मग आपलं. दादांच्या तोंडातून ते निघायला अर्धा घंटा लागला. "याचं म्हणणं, याच्या पाळीला कायम रात्रीचीच लाईट येते." आणि बोलता बोलताच दादा थांबले. मोटर ज्यावर चालते ती थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. पाळीपण आठवड्याचीच. म्हणजे एकाला कायम दिवस आणि दुसऱ्याला कायम अंधार, थंडी, साप-विंचू! इतकी वर्षं एका घरात जेवून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाळी चार-चार दिवसांची केली. मिटलं.

आत्या शाळेत गेलेली नव्हती. पण "मागच्या साली तू काय केलंस" असं कुणी काढलं की ती लगेच अडवायची, आजच्या पाण्याचं बोल म्हणायची. आवाज चढला की उठवून पाणी पाजायची आणि परत बसवायची. हे कसब आहे, आणि ते शिकता येतं.

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली. समित्या झाल्या, गावांना बक्षिसं मिळाली. चांगलंच झालं. पण समितीवरच्या माणसाला ऐकायचं कसं हे कुणी शिकवलं? ज्याचा आवाज मोठा तो समितीत! २०२३ ला सलोखा योजना आली. याची जमीन त्याच्या आणि त्याची याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये, नोंदणी फी १०००. कागद स्वस्त झाला हो, पण सहीसाठी दोघं एका जागी बसायला नकोत का? तिथं आत्याच लागते.

हां, जो हातच उचलतो त्याच्यापुढं ओसरी चालत नाही, तिथं पोलीसच पाहिजेत. मान्य. पण धुऱ्याची सगळीच भांडणं तशी नसतात.

त्या मायला मी दोष देत नाही. तिलाही कुणी दुसरी वाट दाखवली नसेल. नवऱ्याची तारीख, वकिलाची फी, घरातला अबोला, सगळं तीच सोसत असणार.

म्हणून म्हणतो, पाचवीपासून शनिवारी एक तास ठेवा. पुस्तक नको. बाकावरून, डब्यावरून, आऊट का नॉटआऊटवरून पोरांची झालेली खरी भांडणं घ्या आणि आत्याच्या अटीवर बोलायला लावा. आमच्या गावच्या शाळा समितीत मी हे मांडणार आहे. माझ्या मित्रयादीत मास्तर लोक पुष्कळ आहेत. कुणाला वर्गात करून बघायचं असेल तर फोन करा, मी येतो.