कोमट

नगर जिल्ह्यातल्या ज्या गावात मी वाढलो, तिथे जून कोरडा जाऊ लागला की आमची ख्रिस्ती मंडळी पावसासाठी उपास-प्रार्थना करीत असे. त्या सगळ्या प्रार्थनांची उत्तरे पत्ता चुकून महाबळेश्वरच्या डोंगरावर पोहोचवली जात होती, हे मला येथे नेमणूक झाल्यावर समजले. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो येथे. पहिल्या पावसाळ्यात माझे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ओलीने इतके फुगले की त्याचे पुठ्ठे मिटेनात, आणि पाहुण्यांनी ‘ब्रदर सदैव उघडे शास्त्र समोर ठेवून बसतात’ अशी माझी कीर्ती खाली नगरपर्यंत नेली.

गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८च्या सुमारास हे थंड हवेचे ठिकाण वसवायला घेतले, आणि उन्हाळ्याला कंटाळलेल्या साहेबलोकांच्या मागोमाग गोरे मिशनरीही डोंगर चढू लागले. आमचे विश्रामगृह त्याच परंपरेतले आहे: कौलारू छप्पर, लांबलचक व्हरांडा, बारा खोल्या आणि एक मिशनरी, म्हणजे मी. गावकरी मला ‘फादर’ म्हणतात. मी प्रोटेस्टंट आहे, मला बायको आणि दोन मुले आहेत, हे मी पहिली दोन वर्षे समजावून सांगत असे; आता नुसता ‘ओ’ देतो.

येथे येताना माझ्या मनात लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मरीया होती, जी प्रभूच्या चरणांशी बसून वचन ऐकते. येऊन पाहतो तर माझ्यासाठी राखून ठेवलेली जागा तिच्या बहिणीची, स्वयंपाकघरात दगदग करणाऱ्या मार्थेची निघाली. माणसे डोंगरावर देवाला शोधायला येतात असे आमच्या माहितीपत्रकात छापले आहे, आणि ते खरेही असेल. परंतु पहाटे सहा वाजता ती व्हरांड्यात जे शोधत असतात ते गरम पाणी असते. सात वर्षांत मला तारणाविषयी विचारणारे पाहुणे बोटांवर मोजण्याइतके भेटले, आणि ‘ब्रदर, प्रभूची स्तुती असो, पाणी कधी येणार?’ असे विचारणाऱ्यांची मोजदाद मी सोडून दिली आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देन नदीत गरम पाण्याची सोय केली होती असा उल्लेख चारही शुभवर्तमानांत नाही, हे उत्तर मी अनेकदा जिभेवरून परत गिळले आहे.

गेल्या जुलैमध्ये चाळीस पाळकांचे, म्हणजे मंडळ्या सांभाळणाऱ्या धर्मगुरूंचे, तीन दिवसांचे शिबिर झाले. जुलैच का, तर पावसाळ्यात आमचा दर निम्मा असतो, आणि काटकसर हा आमच्या मंडळ्यांचा पवित्र आत्म्याच्या फळांत चुकून गाळला गेलेला गुण आहे. पहिल्याच संध्याकाळी वीज गेली. गिझर भिंतीवरच्या शोभेच्या वस्तू झाले आणि सारा भार मागच्या पडवीतल्या, लाकडांवर चालणाऱ्या मोठ्या बॉयलरवर आला, ज्याला आम्ही आदराने बंब म्हणतो. बंब सांभाळणारे मामा खालच्या वाडीतले. पहाटे चार वाजता ते माझ्या दाराशी उभे राहिले.

“फादर, लाकूड वल्लं हाय.”

“मग काय करायचं, मामा?”

“तुमच्या देवाला सांगा की. आमच्याला सांगून झालं.”

कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने लाकडांवर चार घागरी पाणी तीनदा ओतविले, आणि तरीही स्वर्गातून अग्नी उतरून लाकडेच काय, धोंडे आणि चरातले पाणीसुद्धा भस्म झाले, हा वृत्तांत मी रविवारच्या शाळेत शेकडो मुलांना रंगवून सांगितला आहे. मामांच्या लाकडांवर त्याहून कितीतरी अधिक पाणी पडले होते. मी मनापासून प्रार्थना केली, मग अर्धा लिटर रॉकेल ओतले, मग गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालाच्या उरलेल्या प्रती घातल्या. त्या मात्र चांगल्या पेटल्या.

पाणी तापले. आमच्या उंचीवर ते साधारण ९५ अंशांनाच उकळते, म्हणजे शिखराजवळ आल्याने देव जवळ येत असेलही, पण पाच अंश नक्की कमी होतात. हे नुकसान सोसता आले असते. खरी अडचण नळाची होती, कारण बंब एका टोकाला आणि बारा नंबरची खोली दुसऱ्या टोकाला, आणि मधला लोखंडी नळ भर पावसात उघड्यावरून जातो. पहिल्या खोलीतल्या पाळकसाहेबांचा पाय भाजला. सहाव्या खोलीत आनंद होता. बारा नंबरला पोहोचेपर्यंत पाण्याचा सगळा आवेश निवून गेलेला असे.

बारा नंबरमध्ये नेमके शिबिराचे मुख्य वक्ते उतरले होते.

वयोवृद्ध आणि अतिशय सौम्य गृहस्थ. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यांनी सकाळच्या उपासनेत बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तिसरा अध्याय उघडला, लावदिकीया या प्राचीन शहरातील मंडळीला लिहिलेले पत्र काढले, आणि तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकणार आहे, हे वचन विलक्षण सावकाश वाचले. मग त्यांनी त्यामागचा इतिहासही सांगितला. लावदिकीयाजवळच्या हायरापोलिसला उष्ण झरे होते, कलस्सैला थंडगार पाणी होते, आणि बिचाऱ्या लावदिकीयाला दुरून नळाने आणलेले पाणी मिळे, जे पोहोचेपर्यंत ना धड गार राही ना धड गरम. चाळीस पाळक एकाच वेळी वळून माझ्याकडे बघू लागले. लावदिकीयाच्या पाणीखात्यावर माझ्यासारखाच कोणीतरी नेमलेला असणार, आणि त्याचीही मूळ नेमणूक निराळ्याच कामासाठी झालेली असणार, या विचाराने माझे डोळे भरून आले. उपदेशाने माझे मन द्रवले असा बहुतेकांचा समज झाला.

मामा चहाची किटली घेऊन दाराशी उभे होते. सगळे माझ्याकडेच का बघताहेत, हे त्यांनी खुणेने विचारले, तेव्हा मी मागे जाऊन कानात थोडक्यात सांगितले, की फार पूर्वी एका गावाला पाणी कोमट मिळत असे आणि त्यावरून देव त्यांच्यावर रागावला.

मामांनी किटली खाली ठेवून क्षणभर विचार केला.

“मग त्यास्नी बोललं न्हाई का कुणी, की पाइप लांब हाय म्हणून?”