घाणेरी कोयत्याने जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘तुमचा लेख वाचून गडग्याकडची (दगडी कुंपणाकडची) घाणेरी दोन दिवस खपून तोडली, महिन्यात दुप्पट फुटली. आधी हातात कोयता धरा, मग शहाणपण शिकवा,’ असं आपण घाणेरी (टणटणी, म्हणजे लँटाना) काढण्यावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत, तेही नाव न देता. वर ‘फुलपाखरं येतात’ म्हणून तिची बाजू घेतलीत आणि बुंध्यात मीठ ओतायचा सल्लाही दिलात. रत्नागिरीतल्या मोकळ्या प्लॉटांमधली घाणेरी मी बारा वर्षं काढतो आहे. काम फसलं तर विचारा, पण विचारायची ही रीत नव्हे.

एक चूक कबूल. मी ‘मुळाशी तोडा’ एवढंच लिहिलं, किती खोल ते राहिलं.

पण कोयता तुमच्या हातात होता, तिथेच घोळ झाला. कोयत्याने घाणेरी छाटली जाते, निघत नाही. खोड आणि मूळ जुळतात तो भाग मातीत राहिला की तिथूनच नवे धुमारे येतात. म्हणून कोयता फक्त बुंध्यापर्यंत पोचण्यापुरता चालवायचा. मग भोवतालची माती उकरून, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं. खालचं सगळं मूळ उपसत बसू नका. गडग्यात चिऱ्यांच्या फटीत बुंधा असेल तर कुदळ बसत नाही, घाव वर पडतो आणि झाड पुन्हा फुटतं. तिथे पहारीने चिरा सरकवावाच लागतो. तुमचं नेमकं इथे अडलं असणार.

निघालेलं झुडूप उलटं ठेवा, मुळं वर. आडवं टाकलंत तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात. हे सगळं फळं काळी व्हायच्या आत करा, नाहीतर बुलबुल ती खाऊन बी तारेखाली, कुंपणाखाली टाकत राहतात. पुढचे दोन-तीन पावसाळे वीतभर रोपं दिसली की उपटायची. ओल्या मातीतून ती मुळासकट येतात.

‘फुलपाखरं येतात’ हे खरं, पण ती एक्झोरावरही येतात. आणि बुंध्यात मीठ ओतायचा तुमचा सल्ला कृपा करून दुसऱ्या कुणाला देऊ नका. माती खराब होते.

उपटलेली झुडपं गुरांच्या वाटेवर टाकू नका. पाला जनावराच्या यकृताला बाधतो, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. काढलेला ढीग आज तिथे असेल तर आजच हलवा.