लॅपटॉपला ऊन लागलं

माझ्या गेमिंग लॅपटॉपसोबत आलेल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलं आहे की वापरताना भोवतालचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असावं. म्हणजे नागपुरात हे यंत्र दिवाळीनंतर बाहेर काढायचं आणि होळी पेटायच्या आत गुंडाळून ठेवायचं. पुढचे महिने त्याचं काय करायचं, याबद्दल पुस्तिका गप्प. पाच अंशांची चिंता मी समजू शकतो, लिहिणाऱ्याच्या गावात बर्फ पडत असेल. पण पस्तीसचा आकडा ऐकून आमचे बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "पस्तीस तर आपल्याकडे सकाळी नऊलेच होऊन राह्यते," ते म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा हसले.

तापमानाच्या बाबतीत नागपूरकराला कुणी शिकवायला जाऊ नये. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. त्या दिवशी आपण कुठे होतो आणि कसे वाचलो, हे सांगणारा माणूस प्रत्येक पानठेल्यावर भेटतो. ३० मे २०२४ ला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. जगाचा विक्रम ५६.७ चा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, तोही १९१३ मधला. हवामान खात्याने मग सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि आमच्या गल्लीत चक्क सुतकी कळा पसरली. इतकं तापून शेवटी नोंद नाहीच!

तर अशा गावात मी गेमिंग लॅपटॉप आणला. घरात सांगितलं, ऑफिसच्या थ्रीडी ड्रॉइंगसाठी. त्यावर ड्रॉइंगं होतातही. पण जेवणं आटोपली की मी एक गेम खेळतो. त्याचा नायक बर्फाळ डोंगरात राहतो. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघते, दाढीत हिमकण अडकतात, वेळेत शेकोटी पेटवली नाही तर गडी गारठून मरतो. आणि त्याच्या दाढीतला एकेक हिमकण नीट दिसावा म्हणून माझं ग्राफिक्स कार्ड ८६ अंशांवर आणि प्रोसेसर ९७ अंशांवर जळत असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे तिकडे नायकाला हुडहुडी भरते तेव्हा इकडे माझ्या कीबोर्डाखाली चहाला दोनच अंश कमी पडत असतात.

शंभरच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. नायक कड्यावरून झेप घेतो आणि अधांतरी थिजतो. खाली लांडगे वाट पाहतात, वर मी वाट पाहतो. मला त्या प्रोसेसरचा राग मात्र कधी आला नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात उभं राहून बघा, अख्खं शहर थ्रॉटल झालेलं दिसेल. फरक एवढाच की शहराला कुणी उडी मारायला सांगत नाही.

लॅपटॉपला ऊन लागलं आहे, हे निदान आईचं. एका दुपारी ड्रॉइंग करता करता मी पाणी प्यायला उठलो आणि परत येऊन पाहतो तर लॅपटॉपवर ओला दुपट्टा. पिळून, घडी घालून, अगदी मायेने. "बाप्पा, केवढं अंग तापलं त्याचं!" ती म्हणाली. मी दुपट्टा उचलून आधी प्लग काढला, मग तिला वीज आणि पाणी यांचं नातं समजावलं. आजी तोवर माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत कांदा ठेवून मोकळी झाली होती. आमच्या घरातून उन्हात कुणीही बिनाकांद्याचं बाहेर पडत नाही, मग लॅपटॉपने काय पाप केलं? तो कांदा पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्ये बॅगेतून बाहेर पडला. साहेबांनी तो उचलून शांतपणे माझ्या हातात दिला. तेही मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या काटोलचे.

मग मी पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. हा मुलगा कॉम्प्युटरच्या आतड्यांशी बोलतो.

"मामा, रूम टेंपरेचर किती आहे?"

"एक्केचाळीस."

"प्रोसेसरचं नाही मामा, रूमचं विचारतोय."

"अरे, रूमचंच सांगतोय. प्रोसेसरचं सत्त्याण्णव."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने मला या प्रकरणातलं एकमेव कटू सत्य सांगितलं: पंखे कितीही लावा, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट कोणतीही फासा, आतली उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच सोडायची असते. हवा २५ अंशांची असेल तर ती भराभर घेते. ४१ ची असेल तर तिच्याकडे तेवढी जागाच नसते. खोलीच्या तापमानाच्या खाली लॅपटॉप कधीच जाणार नाही. इंटरनेटवरचे तमाम शहाणे "आमचा तर ऐंशीच्या वर जात नाही" असं जे सांगतात, ते एसीत बसून सांगतात. त्यांना एकदा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, इतवारीतल्या तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली बसवायला हवं.

भाच्याकडे उपाय पुष्कळ होते. पहिला, लिक्विड मेटल. प्रोसेसरवर नेहमीच्या पेस्टऐवजी गॅलियमचं मिश्रण लावायचं. मी माहिती काढली. नुसतं गॅलियमच २९.८ अंशांना वितळतं, मिश्रण त्याच्याही आधी, म्हणजे नागपुरात ते जवळपास बारा महिने बाटलीत पातळच राहणार. शिवाय ते वीजवाहक, थेंब इकडचा तिकडे झाला तर मदरबोर्ड गेला, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर त्यालाच खातं. असलं प्रकरण मी लोणच्याच्या बरण्यांच्या घरात आणणार नव्हतो. दुसरा उपाय अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला विजेचा थोडा कमी दाब (व्होल्टेज) देऊन काम काढून घेणं. पण २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की व्होल्टेजशी असा खेळ करून प्रोसेसरमधली गुपितं पळवता येतात. त्या हल्ल्याला प्लंडरव्होल्ट असं नाव पडलं आणि पुष्कळशा लॅपटॉपांत कंपन्यांनी त्या सोयीला कुलूप ठोकलं. माझ्याही. कुठल्याशा चोराने माझी गुपितं पळवू नयेत म्हणून मी इकडे भाजायचं. माझी गुपितं म्हणजे तरी काय, अर्धवट ड्रॉइंगं आणि एक गारठलेला नायक.

उरला कूलर.

आमच्या हॉलच्या खिडकीत लोखंडी कूलर आहे. दर एप्रिलला त्याला चंदेरी रंग, पाणी झिरपवणाऱ्या नव्या ताट्या आणि पंपाची नवी मोटर मिळते. घरात इतका थाट दुसऱ्या कुणाचाच नाही. कोरड्या हवेत त्याच्यासारखा दाता नाही. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, आणि मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की ती पाणी मागूनच घेते. (जुलैत हाच कूलर नुसता ओला वारा मारतो आणि पापड मऊ करतो, पण ते जुलैत बघू.) कूलरच्या तोंडासमोरची जागा बाबांची. निवृत्त झाल्यापासून त्या जागेवरून त्यांना फक्त तेरवी आणि मतदान या दोनच गोष्टी उठवू शकल्या आहेत.

मी स्टूल आणलं, बाबा आणि कूलर यांच्या बरोबर मधे ठेवलं आणि त्यावर लॅपटॉप. प्रोसेसर झपकन ८४ वर आला. आनंदाने ओरडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "हे काहून गरम हवा येऊन राहिली बे?" कूलरची गार हवा लॅपटॉपच्या पोटात शिरून, तिथली उष्णता उचलून, मागच्या जाळीतून थेट बाबांच्या बनियनवर सुटत होती. घरातला कर्ता पुरुष माझ्या नायकाचं धुरांडं झाला होता. पाच मिनिटांत स्टूल बाल्कनीत गेलं. शिवाय कूलरच्या वाऱ्यासोबत जे बारीक तुषार येतात, त्यांतल्या क्षारांनी माझ्या कीबोर्डावर पांढरी रांगोळी काढली, ती वेगळीच. बोअरचं पाणी आहे आमचं.

शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. एका गल्लीत, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्या दुकानांच्या रांगेत, एक लॅपटॉपवाला बसतो. त्याने मागचं झाकण उघडलं आणि आत बघून आदराने हात जोडले.

"भाऊ, हा लॅपटॉप हाय का कळमन्याची दालमिल?"

पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा जाड थर जमला होता, आणि त्यात कूलरच्या ताट्यांचे भुसाळ धागे अडकले होते. मी कूलरसमोर ज्या हवेसाठी भांडलो, तिनेच माझा गळा आवळला होता. त्याने पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली आणि ब्लोअर मारला. पाती मोकळी सोडली तर वाऱ्याने भलतीच गरगरतात आणि पंखा खराब होऊ शकतो, हे त्याने मला न विचारता सांगितलं. मला अशी माणसं आवडतात. मग त्याने हीटपाइप दाखवला. तांब्याची चपटी नळी, आत किंचितसं पाणी. प्रोसेसरच्या बाजूला त्या पाण्याची वाफ होते, पंख्याच्या बाजूला जाऊन ती परत पाणी होते, आणि उष्णता तिकडे सोडून पाणी माघारी येतं. "म्हणजे याच्या पोटात पण कूलरच आहे की," मी म्हणालो. "हाव ना. फक्त याच्यात पाणी टाकायचं काम नसते." जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. ती खरवडून, पुसून त्याने नवी लावली. मागची बाजू उंच ठेवा, गादीवर ठेवू नका, असं बजावलं आणि पैसे घेताना अंतिम सल्ला दिला: "अन् मे महिन्यात जरा मनावर ताबा ठेवा."

उरलेलं काम भाच्याने पुण्यात बसून माझ्या स्क्रीनवर केलं. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ केली आणि गेमला सेकंदाला ६० फ्रेमवर बांधून टाकलं. तो एक टक्का काढला की टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा वेगाची धाव, बंद होतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी प्रोसेसर व्होल्टेज चढवतो आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे खरी आग त्या हावरटपणातच असते. आकडा उतरत उतरत ७८ वर येऊन थांबला. एका टक्क्यात एवढा उतार! मी टाळ्या वाजवल्या.

"काय झालं?" आतून बायकोने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर! सत्त्याण्णववरून अठ्ठ्याहत्तर!"

ती लाटणं घेऊन दारात आली. पदराने कपाळ पुसलं. "आणि इकडचं किती आहे ते कधी मोजलं का तुम्ही?"

मी थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघरात गेलो, कारण अशा प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. एका शेगडीवर वरण, दुसरीवर पोळ्या. पारा ४३ वर. स्वयंपाकघरात कूलर नाही, गॅस विझतो म्हणून पंखाही नाही. लॅपटॉप तापला म्हणून गेले कित्येक दिवस घर, ऑफिस, पुणे आणि बर्डी एवढी सगळी यंत्रणा राबत होती. लॅपटॉपच्या मागे लावलेला टेबल फॅन त्याच दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला, तोंड बाहेर करून, म्हणजे वाफही बाहेर आणि गॅसही पेटता. ही बदली कायमस्वरूपी आहे. वर अर्ज करून उपयोग नाही, वर तीच आहे.

मग मी पहाटेकडे वळलो. मेमध्येही साडेचारच्या सुमारास पारा तिशीच्या खाली येतो, म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबात मी आणि माझं यंत्र दिवसातले निदान दोन-अडीच तास कायदेशीर असतो. हेडफोन लावायचा, पाठ ताठ ठेवायची, आणि बर्फात शिरायचं. पाच वाजता बाबा अंबाझरी तलावावर फिरायला निघतात. त्यांनी दारातून मला पाहिलं. पाठमोरा, एकाग्र, हातात माउस. काही बोलले नाहीत, दार हळूच लोटून गेले. तलावाच्या काठावर मात्र बोलले. भरपूर.

"आमचा पोरगा चार वाजता उठते. अमेरिकेच्या लोकायसंग काम करते."

आठवडा उलटला नसेल, शेजारचे काका आपल्या मुलाला घेऊन आले. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, नऊशिवाय उठत नाही. "तुझ्याजवळ बसव याले. संगतीनं सुधरंल." दुसऱ्या पहाटे पोट्टा हजर. बॅगेतून त्याने अडॅप्टर काढला, भला मोठा, २३० वॅटचा. मग लॅपटॉप. झाकणाच्या मागे लाल दिवे.

"दादा, तुझा किती जाते?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"माझा पंच्याण्णव. प्लग कुठं लावू?"

दोन लॅपटॉप मिळून चारशे वॅटची उष्णता ओकतात आणि माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा वाजायच्या आत ३६ होतात. आई दोघांनाही पन्हं आणून देते, अभ्यासाची पोरं म्हणून. त्या मुलाचाही नायक बर्फातच राहतो, पण त्याने घोडा मिळवला आहे. बाबांनी तलावावर आता ‘वर्ग’ हा शब्द वापरायला सुरुवात केली आहे. काल त्रिमूर्तीनगरच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या मुलासाठी जागा आहे का, आणि फी किती, असं विचारत होते.