मृणालताई म्हणजे तो फ्लायओव्हर?

आज सकाळी साडेदहाला बेल वाजली. महापालिका निवडणुकीची प्रचारवाली पोरं होती. हातात गुळगुळीत कागदाचं परिचयपत्रक ठेवलं. वर हात जोडलेला भलामोठा फोटो, खाली ‘कार्यसम्राट’, ‘समाजसेवक’ आणि कामं कोणती, तर दहीहंडी, हळदीकुंकू, छत्रीवाटप, नाव घातलेली बाकडी. पाण्याचा ‘प’सुद्धा नाही. मी म्हटलं, अरे, हे मृणालताई गोऱ्यांचं गोरेगाव आहे, इथे मत मागायला येताना पाण्याबद्दल चार शब्द तरी बोला. त्यातला एक चांगला शिकलेला मुलगा म्हणाला, “मृणालताई म्हणजे तो फ्लायओव्हर ना, काकू?”

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

माझी आई आज ८५ वर्षांची आहे. मी तिच्या पोटात असताना, साठच्या दशकात, ती रिकामा हंडा घेऊन पाण्याच्या मोर्चाला गेली होती. आजी म्हणाली, असल्या दिवसांत घराबाहेर कशाला पडतेस? आई म्हणाली, “असल्याच दिवसांत रात्री दोन वाजता नळावर गेलेली चालते ना?” आजी गप्प. मोर्चात रेटारेटी झाली, हंडा दगडावर आपटला आणि त्याला मोठा पोचा आला. तो हंडा अजून आमच्याकडे आहे.

आईसारख्या बायका घराबाहेर पडल्या त्या मृणालताईंच्या शब्दाखातर. परिचय द्यायचा तर त्या बाईचा द्या. १९२८ चा जन्म. डॉक्टर होणार होती, ते शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरली. बंडू गोऱ्यांशी लग्न केलं, तेही जातीबाहेर, त्या काळात. गोरेगावात ग्रामपंचायत होती तेव्हापासून दोघं वस्त्यांमधून फिरत होती. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. कुणी घरात बसली असती तरी नाव ठेवलं नसतं. १९६१ मध्ये ही बाई मुंबई महापालिकेत निवडून गेली आणि पाण्यासाठी अशी भांडली की लोकांनी नावच पाडलं, पाणीवाली बाई. हे नाव कुठल्या छापखान्यात छापून आलेलं नाही. नळावरच्या बायकांनी दिलेलं आहे, माझ्या आईसारख्या.

मग १९७२ मध्ये आमदार. त्याच वर्षी महागाईविरोधी समिती, सोबत अहिल्याताई रांगणेकर, त्याही नगरसेविका राहिलेल्या. बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. आणीबाणीत भूमिगत, मग तुरुंग. १९७७ मध्ये खासदार. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा आई अजून हात वर करून म्हणते; दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला, त्यामागेही विधानसभेत त्यांनी लावून धरलेला आग्रह होता. गोरेगाव पूर्वेला त्यांच्याच प्रयत्नांतून झालेल्या ‘नागरी निवारा’ या वसाहतीची घरं उभी आहेत. आमच्यातल्या कितीतरी जणांना तिथे हक्काचं छप्पर मिळालं.

आणि यातलं त्या पोराला काय माहीत? एक पूल!

बरं, पुलाला नाव दिलं हे चांगलंच झालं. आणि तेव्हाचं गोरेगाव लहान होतं, नगरसेवकाला घरन् घर माहीत असायचं, तेही मान्य. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा सोसायटीत पाण्याचा दाब कमी झाला की कुणाचं दार ठोठवावं तेच कळायचं नाही. म्हणजे नगरसेवक हवाच. पण हवा म्हणून कुणीही चालेल का? छत्र्या वाटल्या की झाली समाजसेवा? रात्री दोन वाजता गरोदर बाईला नळावर का उभं राहावं लागतं, हा प्रश्न ज्याच्या पोटात कधी ढवळलाच नाही, त्याने ‘समाजसेवक’ हा शब्द छापूच नये.

खूप चिडून लिहिलंय. त्या मुलावर राग नाही. बिचारा उन्हात चार जिने चढून आला होता, मी पाणीसुद्धा विचारलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि लाज वाटली. त्याला कुणी सांगितलंच नाही तर त्याला कळणार कुठून? मी तरी माझ्या मुलांना कधी नीट बसवून सांगितलं? हंडा माळ्यावर टाकून दिला होता, कापडात गुंडाळून.

दुपारी तो खाली काढला. चिंच लावून घासला. आईने पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “तू आत लाथा मारत होतीस गं त्या दिवशी.” १७ जुलै २०१२ ला मृणालताई गेल्या तेव्हा आईने दिवसभर टीव्ही लावू दिला नव्हता, तेही तिला आठवलं. नंतर बराच वेळ हंडा मांडीवर घेऊन बसली होती.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी गोरेगावच्या त्या मोर्चांचे जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका. आईची नजर कमी झालीय, मोठे करून दाखवीन. ती म्हणते, मी पुढून तिसऱ्या रांगेत होते, हिरवं लुगडं.