ताण फक्त एसीत बसणाऱ्यांना येतो का? वाळूजच्या दादांना उत्तर

दादा नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मोठी होती, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या) सुपरवायझर आहेत आणि मागच्या लेखात मी शिफ्टचा चार्ट आधी लावा, सगळ्यांसमोर कुणाला झापू नका असं लिहिलं त्यावर ते जाम भडकलेत. म्हणणं असं की ताणबिण हे पुण्यातल्या एसीत बसणाऱ्यांचं खूळ आहे, आमच्या बापानं ७२च्या दुष्काळात खडी फोडली तेव्हा कुणी ताण आला म्हणून सुट्टी मागितली नाही, पोरांनी सकाळी उठून योगा करावा, मोबाईल कमी बघावा, विषय संपला. आणि झापल्याशिवाय काम होत नाही. शेवटी विचारलंय, "तुम्ही कधी लाईन चालवली का?"

लाईन नाही चालवली. प्लॅनिंगला होतो, कुठला पार्ट कधी बनवायचा ते ठरवणाऱ्या खात्यात, म्हणजे रात्री अकराला "शेड्यूल बदललंय, सकाळी फर्स्ट शिफ्टला दुसरा पार्ट लावा" असा जो फोन येतो ना तुम्हाला, तो करणाऱ्यांतला मी.

आधी ७२चं. आम्ही परभणीकडचे, माझ्या आजीनं पण दुष्काळी कामावर खडी फोडलीय, सुकडीवर दिवस काढलेत, ते हाल कोण कमी लेखंल. पण आपण कष्ट आणि ताण एकाच मापात मोजायलोत. रॉबर्ट कारासेक म्हणून एक संशोधक आहे, त्यानं १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासून मांडलं की नुसतं काम जास्त आहे म्हणून माणूस खचत नाही, काम जास्त आणि ते कधी करायचं कसं करायचं यातलं काहीच हातात नाही, असं झालं की खचतो. आणि एसीवाल्यांचंच म्हणाल तर लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल स्टडी म्हणतात त्याला, त्यात हार्टच्या आजारानं मरणाऱ्यांत शिपाई-निरोपे लोकांचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. सिगारेट, बीपी सगळं हिशोबात धरलं तरी पूर्ण फरकाचा उलगडा होईना. पुढं १९८५ ला दुसरा अभ्यास सुरू केला तर त्यातही कामावर ताबा नसणं हे एक मोठं कारण दिसलं.

आता तुमच्याच लाईनवरचा पोरगा घ्या. शहरात भाड्यानं राहतो, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. शनिवारी संध्याकाळी चार्ट लागला, सेकंड शिफ्टची थर्ड म्हणजे रात्रपाळी झाली, बायको पण कामाला जाते, नेमकं पाणी यायच्या टायमाला हा झोपेत किंवा बसमध्ये, मग आठवडाभर जार विकत घ्या. हे झालं घरचं. लाईनवर तासाचा बोर्ड डोक्यावर, टार्गेट किती, झाले किती, रिजेक्शन किती. बाथरूमला जायचं तर रिलीव्हर पाहिजे, म्हणजे तेवढ्यापुरता मशीनवर उभा राहणारा माणूस, रिलीव्हरला तुम्ही ॲबसेंट माणसाच्या मशीनवर उभा केलेला (तुम्ही तरी काय करणार, माणसंच कमी), म्हणून हा पाणीच कमी पितो. एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, मराठवाड्याच्या उन्हात. वर कॉन्ट्रॅक्टवर आहे, सहा-सात महिने झाले की ब्रेक, पुन्हा घेतील का माहीत नाही. याला योगा काय करील सांगा ना. योगाला माझा विरोध नाही, झोप सुधारते, जरूर करावा, पण पोराला सुधारायचं आणि कामाच्या घडीला हातच लावायचा नाही हे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर गाइडलाइन काढली, त्यात पण कामाची पद्धत बदला आणि मॅनेजर लोकांना ट्रेनिंग द्या असंच सांगितलंय.

तासांचं पण बघा. बारा तासांची शिफ्ट, सहा दिवस, ७२ तास झाले. २०२१ च्या डब्ल्यूएचओ (तीच जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) अभ्यासात ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांत स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हार्टनं मरायचा १७ टक्के जास्त दिसला. तुम्ही स्वतः किती तास थांबता ते प्रतिक्रियेत लिहिलं नाही, पण "घरी गेलो तरी फोन चालूच" असं लिहिलंय. म्हणजे दादा, तुम्ही पण त्याच पोराच्या जागी आहात, फक्त वरनं पण शिव्या आणि खालनं पण. जबाबदारी सगळी तुमची आणि ठरवायचं दुसऱ्यानं.

त्या अकराच्या फोनचं आतलं सांगतो. प्रत्येक वेळी कस्टमर बदलत नसतो. बऱ्याचदा कॉम्प्युटरच्या सिस्टमला स्टॉक दिसतो आणि बिनमध्ये, म्हणजे ठेवायच्या पेटीत, माल नसतो, किंवा शॉर्टेज चार वाजताच कळलेलं असतं आणि कुणी कुणाला सांगितलेलं नसतं, मग रात्री सगळ्यांची पळापळ. म्हणून एक रजिस्टर ठेवा. बदल किती वाजता आला, कुणी सांगितला, कारण काय, बस एवढंच. महिनाभर लिहा आणि प्रॉडक्शन मीटिंगला टेबलावर ठेवा, भांडू नका, नुसतं वाचून दाखवा. प्लॅनिंगवाले गप्प होतात, मला माहितीये. चार्ट गुरुवारी लावणं मात्र तुमच्या हातात आहे, नंतर दोन नावं बदलली तरी बाकीच्यांचा आठवडा तर सुटतो. आणि रिलीव्हर मशीनवर लावायचा नाही यावर एकदा अडून बसाच.

एक सांगायचं राहिलं. कुणाची झोप पार उडाली, दारू वाढली, जगायलाच नको वाटायलं असं दिसलं तर रजिस्टरबिजिस्टर बाजूला, १४४१६ वर फोन लावून द्या, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि झापल्याशिवाय काम होत नाही याबद्दल. झापलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो माहितीये ना, खराब पीस रेड बिनमध्ये टाकतच नाही, चांगल्याच्या खाली सरकवतो. बोर्डवर रिजेक्शन शून्य दिसतं, साहेब खूश, आणि आठ दिवसांनी कस्टमरकडून डेबिट नोट येते, म्हणजे खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद, तो तुमच्याच नावावर. रजिस्टरचा फॉरमॅट पाहिजे असेल तर कळवा, एक्सेलमध्ये करून ठेवलाय, पाठवतो.