पत्ता नसलेला शाप

"कसं लागलं?" हा प्रश्न इतक्या मोठ्यानं विचारायची खरंच काही गरज नसते. पण फिजिओथेरपीच्या त्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीनं तो बाकावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा विचारला. समोर फॉर्म होता. 'दुखापतीचे कारण' या ओळीपुढे तीन चौकोन होते : अपघात, खेळ, इतर. मी जरा विचार केला आणि 'खेळ'वर खूण केली.

"कोणता खेळ खेळता काका?"

"क्रिकेट."

"बॅटिंग करताना लागलं की बोलिंग?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण मागे बाकावर पाच-सहा जण कान टवकारून बसले होते आणि माझं पोट त्या सगळ्यांना दिसत होतं.

"बघताना," मी म्हणालो.

तिनं माझ्या 'खेळ'वर शांतपणे काट मारली आणि 'इतर'वर खूण केली. मागे कुणीतरी खुसकन हसलं. ते 'काका' आणि ती काट, दोन्ही मला अजून पचलेलं नाही.

झालं होतं ते असं. समोरच्या संघाचा एक डावखुरा फलंदाज (नाव घेत नाही, आधीच पुरेसं पाप झालंय) आमच्या गोलंदाजांना धोपटत होता. चाळिसाव्या षटकाच्या आसपास त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो खेळपट्टीवरच बसला. मी "बसला, बसला!" असं ओरडत सोफ्यावरून उठलो. उठलो कसला, उडालो. खाली आलो तो डावा पाय थेट रिमोटवर. घोटा आत वळला, रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि समालोचकाचा आवाज एकदम दुप्पट झाला. त्या दुप्पट आवाजात मला कळलं, की तो फलंदाज उठलाय.

तो उठला. मी नाही उठलो. एका पायावर लंगडत त्यानं सामना जिंकून दिला तो मी जमिनीवर आडवा पडून पाहिला.

आता दवाखान्यात. बाकावर माझ्या शेजारी साधारण पासष्टीचे एक गृहस्थ होते. उजवा खांदा आखडलेला, हात कोपरात मुडपून पोटाशी धरलेला. मघाशी खुसकन हसलेले तेच. मी यांना खांदेकाका म्हणतो. त्यांनी माझ्या घोट्याकडे एखाद्या जाणकारासारखं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तो गोळा आला तेव्हाचंच ना हे?"

मी मान हलवली.

"आनंदानं उडालात?"

पुन्हा मान.

"त्याआधी काय मागितलं होतं?"

"कुठे?"

"मनात हो. तो मारत होता तेव्हा. काहीतरी म्हणाला असालच."

मी आठवून पाहिलं. "म्हणालो असेन... याच्या पायाला काहीतरी होऊ दे."

"नीट आठवा. 'याच्या' म्हणालात?"

खरं सांगायचं तर 'याच्या' म्हटल्याचं काही आठवत नव्हतं. चाळिसाव्या षटकात माणूस इतकं व्याकरण सांभाळत नाही. "'पायाला काहीतरी होऊ दे रे', एवढंच बहुधा."

खांदेकाकांनी डावा हात मांडीवर आपटला. "तिथेच चुकलं! पाय म्हणालात, कुणाचा ते नाही. काहीतरी म्हणालात, काय ते नाही. पत्ता नाही, पिनकोड नाही. वरच्यानं करायचं काय? जिथून आलं तिथे परत पाठवलं!"

मी म्हणालो, कुणाचं वाईट चिंतणं तसंही बरोबर नाहीच. यावर ते दुखावले. "वाईट? मी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. मी विश्रांती चिंततो."

मग त्यांनी मला त्यांची आचारसंहिता ऐकवली. हाड मोडायचं मागायचं नाही. हाड म्हणजे पाप. गुडघ्याचं लिगामेंट तर नाहीच नाही. त्यात नऊ-नऊ महिने जातात, पोराचं करिअर बसतं. डोकं, मान, डोळा वर्ज्य. मागायचा तो स्नायू. त्यातही मांडीचा. आणि तो फाटायला नको, नुसता ताणला जावा. "तीन आठवडे. मालिकेपुरते. पुढच्या मालिकेत, दुसऱ्या कुणाविरुद्ध, ठणठणीत होऊन खेळावा. शतक मारावं. पहिली टाळी माझी."

"आणि दुखायला किती हवं?"

"जिना चढताना 'आई गं' म्हणण्याइतपत. सपाट जागेवर काही नको." त्यांनी क्षणभर विचार केला. "लिफ्ट असली तर तेही नको."

त्यांच्या मते जगात झालेली सर्वांत निर्मळ दुखापत ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ग्लेन मॅग्रा याची. 2005 ची इंग्लंडविरुद्धची ॲशेस मालिका, एजबॅस्टन, सामन्याच्या दिवशी सकाळी सराव करताना मॅग्राचा पाय तिथेच पडलेल्या एका चेंडूवर पडला आणि घोटा गेला. कुणी ढकललं नाही, कुणी बाउन्सर टाकला नाही. इंग्लंडनं पहिल्याच दिवशी 407 धावा कुटल्या आणि कसोटी 2 धावांनी जिंकली. पुढे ट्रेंट ब्रिजलाही मॅग्रा नव्हता, तीही इंग्लंडनं जिंकली. तो खेळला त्या तिन्ही कसोटींत इंग्लंडला एकही जिंकता आली नाही. "दोन धावा, हो! दोन! एक चेंडू गवतात पडून राहिला म्हणून." हे सांगताना काकांचा चेहरा असा काही उजळला होता, की तो चेंडू त्यांनीच तिथे ठेवला असावा.

(मॅग्राचा पाय चेंडूवर पडला तर इतिहास बदलतो. माझा रिमोटवर पडला तर नुसता आवाज वाढतो.)

"पण सगळ्यात सात्त्विक म्हणाल तर पोट," काका पुढे म्हणाले. "एक्स-रे नाही, प्लास्टर नाही, मागे काही उरत नाही." त्याला त्यांच्याकडे दाखलाही होता. 1970 चा फुटबॉल विश्वचषक. उपान्त्यपूर्व सामन्याआधी इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स याचं पोट बिघडलं, बदली गोलरक्षक उतरला आणि 2-0 पुढे असलेलं इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून 3-2 असं हरलं.

इथे मात्र मी त्यांना पकडलं. 2022 च्या डिसेंबरात रावळपिंडी कसोटीच्या आदल्या दिवशी इंग्लंडचे बरेच खेळाडू आजारी पडले होते, सामना वेळेवर सुरू होतो की नाही याचीच शंका होती. सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्या आजाऱ्यांनी 4 बाद 506 केल्या. चौघांची शतकं.

काका थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "तो विषाणू होता. त्याचं खातं वेगळं."

मी पुढे सरसावलो. मॅक्सवेल! 2023 चा विश्वचषक, अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया 7 बाद 91, अंगभर गोळे, पाय हलत नाहीत, आणि पठ्ठ्यानं उभ्या जागेवरून नाबाद 201 ठोकल्या. म्हणजे तुमचं ते मांडीच्या स्नायूचं गणित सपशेल बाद. गोळा आलेला माणूस धावायचं सोडतो आणि मारायला लागतो. परवाचा माझा डावखुरा नेमकं तेच शिकून आला होता.

"बरं काका," मी विचारलं, "आपण मागितलं म्हणून होतं असं वाटतं तुम्हाला?"

"छे हो! कावळ्याच्या शापानं गाय मरते का कधी?"

"मग तीन आठवड्यांचा हिशेब कशाला? वर्षच मागा. मानच मागा. मरत नाही तर नाही."

काका बराच वेळ समोरच्या भिंतीवरचा पाठीच्या कण्याचा तक्ता बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मरत नाही हो. पण समजा लंगडली, तर?"

आमच्यासारख्यांची गोची इथेच आहे. आपल्या शापात काही दम नाही, म्हणून तो द्यायला हरकत नाही. आणि यदाकदाचित असलाच दम, तर आपण मर्यादेत मागितलं होतं म्हणून आपण सभ्य. शेजारच्या संघाचं विघ्न पाहून सुखावणाऱ्याला आपल्याकडे विघ्नसंतोषी म्हणतात, फार सुंदर शब्द आहे. पण विघ्नाची आगाऊ ऑर्डर देणाऱ्याला शब्दच नाही. भाषेला बहुधा तेवढी आशा असावी, की माणूस त्या थराला जाणार नाही.

जातो. 30 एप्रिल 1993 ला हॅम्बुर्गमध्ये टेनिसचा सामना चालू असताना स्टेफी ग्राफच्या एका चाहत्यानं खुर्चीवर बसलेल्या मोनिका सेलेसच्या पाठीत सुरी खुपसली. सेलेस तेव्हा जगात पहिली होती. स्टेफीनं पहिलं व्हावं एवढंच त्याला हवं होतं. सेलेस दोन वर्षांहून जास्त खेळली नाही, स्टेफी पहिली झाली. त्या माणसाला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. सगळं त्याच्या मनासारखं. मला या बातमीचा राग येतो आणि त्या रागाला थोडी भीतीही चिकटलेली असते. कारण त्याची सुरी वजा केली तर बाकी जे उरतं ते माझ्या सोफ्यावर दर आठवड्याला बसलेलं असतं.

एकट्यानं सोफ्यावर निदान लाज तरी वाटते. हजारोंच्या गर्दीत तीही वाटून घेतली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर. 1999 च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पाहुण्या डॅलस संघाचा मायकल अर्विन मान दुखावून मैदानावर निपचित पडला, तेव्हा प्रेक्षकांतून जल्लोष झाला. तो पुन्हा कधी खेळला नाही. उलट 1962 मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूनं आपल्या नरी काँट्रॅक्टरची कवटी फुटली, तेव्हा रक्त द्यायला वेस्ट इंडिजचाच कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. खेळणारे खेळणाऱ्यांना रक्त देतात. आपण काय देतो? आपण मोबाइलवर बघतो, की 'तो उद्या उपलब्ध आहे का'. टीव्हीवाले तर वळलेला घोटा संथगतीनं, तीन कोनांतून, सहा वेळा दाखवतात, आणि स्ट्रेचर आलं की लगेच जाहिरात. माझा घोटा वळला तेव्हा कुणी एकदाही पुन्हा दाखवला नाही, हे एक बरं झालं.

मी स्वतःला काकांपेक्षा वरचा समजतो असं नाही. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, ओव्हलवर भारताविरुद्ध इंग्लंडला 17 धावा हव्या होत्या, एकच गडी बाकी होता आणि ख्रिस वोक्स निखळलेला खांदा घेऊन, एक हात स्वेटरच्या आत बांधून मैदानात उतरला. मी घरात उभा राहून टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं, शपथेवर सांगतो. आणि टाळ्या वाजवता वाजवता मनात म्हणत होतो, देवा, स्ट्राइक याला मिळू दे.

खरी लाज मात्र वेगळीच आहे आणि ती मी खांदेकाकांनाही सांगितली नाही. कॉलेजच्या संघात मी राखीव यष्टिरक्षक होतो. राखीव खेळाडू समोरच्या संघाकडे बघतच नाही. तो आपल्याच अकरा जणांकडे बघत असतो, झाडावरून बघावं तसं. दोन वर्षं मी आमच्या यष्टिरक्षकाला पाणी नेऊन दिलं आणि दोन वर्षं त्याच्या बोटांकडे बघितलं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात त्याचं मधलं बोट मोडलं. तेव्हा मी अगदी नेमकं मागितलं होतं : उजवा हात, मधलं बोट. पत्त्यासकट. दुसऱ्या दिवशी मी खेळलो, दोन झेल सोडले आणि आम्ही हरलो.

तो अजून भेटतो. ते बोट पुरतं सरळ झालं नाही. हात मिळवला की ते माझ्या तळव्याला टोचतं, आणि तो हसून विचारतो, "काय, कीपिंग करतोस की नाही अजून?" हा माणूस काही जाणूनबुजून टोमणा मारत नाही, हे मला माहीत आहे. तरी मला दर वेळी त्याचा राग येतो, हे आणखी एक.

एवढ्यात आतून माझा नंबर पुकारला. मी काठी शोधत, भिंतीचा आधार घेत उठेपर्यंत खांदेकाका उभेही राहिले होते. "तुम्ही बसा हो, पायावर भार देऊ नका, विश्रांती घ्या," असं अत्यंत प्रेमानं म्हणून ते माझ्या नंबरवर आत निघून गेले. रिसेप्शनवरच्या मुलीला मी म्हणालो, अहो, नंबर माझा होता. ती म्हणाली, "आजोबांना जाऊ द्या ना काका, त्यांचं दोन मिनिटांचं काम आहे."

मी बसलो. दार लागलं. आत थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग फिजिओथेरपिस्टचा आवाज आला, "आता हात वर न्यायचाय हं, थोडं ताणलं जाईल," आणि पाठोपाठ खांदेकाकांची "आई गं!" अशी किंकाळी आली.

माझा पाय जरा हलका वाटला. मी कान दाराकडे केला.

"अजून थोडा वर," आतला आवाज म्हणाला.

मी मनात म्हटलं, याचा. उजवा खांदा.