निंबावरची की खांबावरची

शिंक ही माणसाची खासगी बाब आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो. परवा जिन्यात एक आली. एकच, तीही रुमालात. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या प्रकृतीचं बुलेटिन: ‘दुसऱ्या मजल्यावरच्यांची इम्युनिटी फार डाउन आहे. काढा सुरू करतोय.’ खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग! टाकी साफ करण्याबद्दल मी मेसेज टाकला होता, त्याला आजतागायत एक अंगठा आलेला नाही.

बुलेटिन तळमजल्यावरच्या काकांचं. माझी शिंक पुरती विरायच्या आतच ते दार उघडून बाहेर आले होते. हातात अंगठ्याएवढी जाड, करड्या रंगाची, पापुद्रे सुटलेली एक कांडी. ती त्यांनी छडीसारखी माझ्या छातीवर टेकवली.

“गुळवेल. वीतभर ठेचायची, चार पेले पाणी आटवून एक करायचं, अनशापोटी घ्यायचं. शिंक काय, डेंग्यू फिरकणार नाही.”

“काका, जिन्यात धूळ होती.”

“धूळ सगळ्यांनाच असते. शिंकलास तूच.”

यावर काय बोलणार? तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला. “बाजारातली नाही हं. निंबावरची आहे.”

आता आमच्या आवारात झाडं म्हणजे एक गुलमोहर आणि एक नारळ. कडुनिंब होता, तो पार्किंगसाठी तोडला; ठरावाला अनुमोदन काकांचंच. गुळवेल चढली आहे ती फाटकाजवळच्या विजेच्या खांबावर. निंबावर वाढलेली गुळवेल उत्तम, निंबाचे गुण तिच्यात उतरतात, असं जुनी माणसं सांगतात. खांबावरचीत काय उतरत असेल? भारनियमन?

मी हे बोलून दाखवलं. काका हसले नाहीत.

गुळवेलीशी माझं वैर नाही. हृदयाच्या आकाराची पानं, तोडून कुंपणावर फेकली तरी हवेत मुळं सोडून पुन्हा धरणारी चिवट जात. तिला अमृता म्हणतात ते उगीच नाही. तापावर, वातरक्तावर म्हणजे सांध्यांच्या दुखण्यावर, प्रमेहावर म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवर वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. पण वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात, दुसरं काय चालू आहे ते विचारतात. काकांनी फक्त रुमाल बघितला होता.

आणि माझी इम्युनिटी डाउन नाहीच मुळी. तिला कामाचा भारी उत्साह आहे. माझ्याच थायरॉईडला परका समजून ती गेली कित्येक वर्षं बडवते आहे. तिला आणखी चेव आणायचा? शिवाय मधुमेहाची गोळी आहे. गुळवेलीनेही साखर उतरते म्हणतात, मग दोन्ही मिळून फार खाली गेली तर? हे सगळं मी जिन्यात, हातात भाजीची पिशवी घेऊन समजावलं.

“थायरॉईडला चालते.”

“आणि साखर?”

“साखरेवर तर रामबाण.”

“अहो, पण मी गोळी घेतो ना!”

“गोळी बंद कर.”

दोन शब्दांत निकाल! ज्या गोळीसाठी मी दर तीन महिन्यांनी रक्त देतो, ती या गृहस्थांनी चपला न घालता बंद केली.

शेवटी मी यकृत काढलं, म्हणजे विषय काढला. करोनात घरोघरी गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की आधी वनस्पती नीट ओळखा, तिच्यासारखी दिसणारी भावंडं आहेत. हरकत रास्तच. एका भावंडाच्या खोडावर ठळक गाठी असतात, खऱ्या गुळवेलीवर त्या मानाने बारीक पुटकुळ्या. पुढच्याच वर्षी देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. मंत्रालय गुळवेल सुरक्षितच म्हणतं. लाखो लोक ती पितात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरं. पण ज्याचं शरीर आधीच स्वतःवर उलटलेलं आहे, त्याने जरा विचार करायचा की नाही?

काकांनी हे सगळं बस चुकलेल्या माणसाच्या चेहऱ्याने ऐकून घेतलं. “अरे, झाडपाला आहे तो! त्याने काय होणार?”

“मघाशी डेंग्यू पळवत होता.”

“ते वेगळं.”

“मी डॉक्टरांना विचारतो.”

“डॉक्टरांना कशाला? ते काय औषध आहे?”

माझं डोकं फिरलं ते इथे. गुण सांगताना औषध, दोष विचारला की पाला! जी वस्तू ताप, साखर, सांधे आणि डेंग्यू यांना पुरून उरते, ती यकृताच्या दारात आली की एकदम गरीब गाय होते. झाडपाल्याने काहीच होत नसेल तर धोतऱ्याच्या बियांची चटणी करून बघावी. म्हणूनच दवाखान्यात “आणखी काही घेता का?” या प्रश्नाला आपल्याकडे सगळे “नाही” म्हणतात आणि डॉक्टर बिचारे रिपोर्ट वरून खाली, खालून वर वाचत बसतात.

कांडी मी घेतली नाही. म्हणून काकांनी ती आमच्या दाराच्या कडीत खोचून ठेवली. शिवाय हल्ली जिन्यात भेटले की “बरं आहे ना आता?” असं, माझी शिंक बरी झाल्याचं श्रेय हात पुढे करून मागितल्यासारखं विचारतात.

घरात तरी बाजू घेतली जावी? सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या प्रेमाने दिलंय, घोटभर घेऊन टाका. तेवढंच त्यांना बरं वाटेल.”

म्हणजे कडू काढा मी प्यायचा, आणि बरं वाटायचं काकांना!